मुळशीचे पन्नास, अमेरिकेचे साठ: परक्या धक्क्यावर लागलेल्या बोटीचा इतिहास

१/
आजचा धागा मुळशी धरणापाशी सुरू होतो आणि अमेरिकेतील एका मरिनाच्या धक्क्यावर जाऊन थांबतो. मरिना म्हणजे शिडाच्या आणि हौशी बोटी बांधून ठेवण्याचे बंदर. तिथे प्रत्येक बोटीच्या जागेपाशी पाण्याचा नळ असतो आणि विजेचा खांब असतो. भारतातून वा युरोपातून गेलेली बोट त्या खांबाशी आपली तार जोडू पाहते आणि काहीच जुळत नाही. खटका बसत नाही, दाब वेगळा, तारांचे रंग वेगळे, आणि बंदरात शिरताना दिसलेल्या बोयांचे रंगही उलटे. हे असे का झाले, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे.

२/
प्रथम भूगोल. मुळा नदीचे पाणी निसर्गतः पूर्वेला वाहते: पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. मुळशीला नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालून हे पाणी अडवले गेले, बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापर्यंत नेले गेले आणि सुमारे पाचशे मीटर खाली, आजच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडले गेले. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. तिथून निघालेले पाणी कुंडलिका नदीने रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. पूर्वेच्या समुद्राचे पाणी पश्चिमेच्या समुद्राला मिळाले, ते असे.

३/
या बांधासाठी मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांवर पाणी येणार होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी बांधाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे आणि शंकरराव देव हेही या लढ्यातले. लढा १९२४ पर्यंत कमीअधिक जोराने चालला आणि हरला. मोठ्या धरणाने विस्थापित होणाऱ्यांनी उभारलेला जगातील हा अगदी आरंभीचा संघटित लढा मानला जातो. त्यावर स्वतंत्र धागा लिहायला हवा, इथे फक्त एवढे लक्षात ठेवू: खाचरे बुडाली ती मावळात, आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना.

४/
ती वीज कोणत्या स्वरूपाची होती? प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे तारेतली दिशा सतत उलटसुलट बदलणारी. एका सेकंदात अशी किती आवर्तने होतात, त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. टाटांच्या सह्याद्रीतील तिन्ही वीजगृहांची, म्हणजे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) यांची संख्या होती पन्नास. आज पौडच्या बाजारातल्या पिठाच्या गिरणीची मोटार ज्या तालावर फिरते तोच हा ताल. अमेरिकेत मात्र तो साठ आहे.

५/
पन्नासच का? निसर्गाचा कोणताही नियम तसे सांगत नाही. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट असा दूरचा वीजवहनाचा प्रसिद्ध प्रयोग झाला, तो चाळीस आवर्तनांवर. १८९५ मध्ये नायगारा धबधब्यावरचे वीजगृह उभे राहिले ते पंचविसावर. त्याआधी अमेरिकेत १३३ च्या आसपासचीही यंत्रे होती. कमी वारंवारता मोठ्या मोटारींना सोयीची, पण तिच्यावर दिवे लुकलुकतात; जास्त वारंवारता दिव्यांना सोयीची, पण तत्कालीन मोटारींना अडचणीची. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने मध्यम मार्ग म्हणून साठ धरले. जर्मनीत एईजी या कंपनीने पन्नास धरले. दोन्ही मध्यमच मार्ग होते. फरक इतकाच की दोन दुकानदारांनी दोन वेगळ्या मापांची वजने वापरायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक वाढल्यावर ती बदलणे कोणालाच परवडेना.

६/
आपल्याकडेही सारे आपोआप पन्नासवर आलेले नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्र येथे वीजगृह उभारले आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज दिली. यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची होती आणि वारंवारता होती पंचवीस, म्हणजे नायगाऱ्याचीच. १९०४ मध्ये ब्रिटनच्या मानक समितीने पंचवीस आणि पन्नास अशा दोन्ही संख्यांना मान्यता दिली होती. म्हणजे मुंबईसमोर दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. सह्याद्रीने पन्नासची वाट धरली, आणि म्हैसूरला पुढे त्याच वाटेवर यावे लागले.

७/
त्या वाटेची पकड किती घट्ट होती हे १९२९ मध्ये दिसले. त्या वर्षी टाटांच्या जलविद्युत कंपन्यांच्या व्यवस्थापनात ‘अमेरिकन अँड फॉरिन पॉवर’ ही अमेरिकी कंपनी भागीदार झाली. मालकीत साठ हर्ट्झवाले आले, तरी भिऱ्याच्या यंत्रांचा ताल पन्नासच राहिला. तोवर मुंबईतल्या गिरण्यांमधून हजारो मोटारी त्या तालावर फिरत होत्या. वीजगृहाचा मालक बदलता येतो. गिऱ्हाइकाच्या घरातली मोटार बदलता येत नाही. पुढे वाचताना हे सूत्र हाताशी ठेवा, प्रत्येक ठिकाणी ते पुन्हा भेटेल.

८/
आता रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रात उतरू. खाडीच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आहे आणि लागूनच चौल, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक लेखनात ‘सेमुल्ला’ म्हणून येणारे बंदर. त्याच काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत भडोचचे वर्णन आहे: नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळू आणि भयंकर भरती, म्हणून राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी आपल्या मोठ्या होड्या घेऊन बाहेर जात, परदेशी जहाजाला गाठत आणि ओढून ठरलेल्या जागी आणून लावत. परक्या बंदराची रीत परक्याला ठाऊक नसते, म्हणून वाटाड्या समोर पाठवायचा. दोन हजार वर्षांत वाटाड्याचे रूप बदलले. आता तो बोया आहे, नकाशा आहे, खटका आहे. पण बोयाला बोलता येत नाही, आणि चुकीचा अर्थ लावला तर तो दुरुस्तही करत नाही.

९/
भारतीय बोटींची कथा इथे थोडक्यात सांगायला हवी. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘सागर परिक्रमा’ ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी बोट बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत थांबे चार: ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंडमधील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन.

१०/
हे चार थांबे विजेच्या नकाशावर ठेवून पाहा. चारही ठिकाणी ताल पन्नासचा आणि दाब २३० व्होल्टच्या आसपास. चारही जुन्या ब्रिटिश साम्राज्याची बंदरे. २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली, तेव्हा मॉरिशसचे पोर्ट लुई जास्तीचे लागले, तेही पन्नासवरच. साम्राज्य मावळले तरी त्याच्या तारा राहिल्या. गोव्यात बांधलेली बोट सारी पृथ्वी फिरून येते आणि विजेच्या दृष्टीने जणू घराबाहेर पडतच नाही!

११/
घराबाहेर ती पडली २०११ मध्ये. केपटाउन ते रिओ द जानेरो या सागरी शर्यतीत म्हादेई उतरली. रिओच्या धक्क्यावर साठ हर्ट्झ आणि १२७ व्होल्ट. अटलांटिकच्या त्या काठापासून अमेरिकी व्यवस्थेचा प्रदेश सुरू होतो. गंमत अशी की रिओ स्वतः पूर्वी पन्नासवर होते. ब्राझीलमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या; १९६४ च्या कायद्याने देशासाठी साठ ठरले आणि रिओला बदलावे लागले. दक्षिण कॅलिफोर्नियानेही १९४८ मध्ये असाच बदल केला होता, पन्नासवरून साठवर. बदल अशक्य नसतो, हे या दोन उदाहरणांवरून कळते. फक्त घरोघरच्या मोटारी आणि घड्याळे हाताळावी लागतात.

१२/
आता प्रत्यक्ष अमेरिकी धक्क्यावर चला. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इतिहास जिवावर उठतो तो इथेच. मरिनातल्या विजेच्या खांबावर साधारण दोन प्रकारचे खटके मिळतात. एक तीस अँपिअरचा, १२० व्होल्टचा. गोल तोंडाचा, आत सरकवून पिळून घट्ट करायचा. दुसरा पन्नास अँपिअरचा, त्यात १२० आणि २४० दोन्ही मिळतात. पहिल्यातून फार तर ३.६ किलोवॅट मिळतात, म्हणजे आपल्या घरातल्या गिझरच्या सोळा अँपिअरच्या एका खटक्याइतकेच. आपल्या बोटीची तार यांपैकी कशातच बसत नाही. आपल्याकडच्या जाड गोल पिनांचा खटका हा १९३४ च्या ब्रिटिश मानकाचा वंशज. ब्रिटनने तो घरांतून केव्हाच हद्दपार केला, आपण जपून ठेवला.

१३/
नवख्याला वाटते: आपल्याला २३० हवे, इथे २४० मिळते, मग प्रश्न काय? प्रश्न १८८३ मधला आहे. एडिसनने सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजगृह सुरू केले ते ११० व्होल्टच्या आसपास, कारण त्याच्या दिव्यातली कार्बनची तार तेवढाच दाब नीट सोसत असे. पण कमी दाबाला जाड तांबे लागते आणि तांबे महाग. त्यावर त्याने तीन तारांची युक्ती काढली: मधली तार तटस्थ, दोन्ही बाजूंच्या तारा तिच्यापासून ११० व्होल्टवर, पण परस्परांपासून २२० वर. दिवे तसेच राहिले, तांबे वाचले. अमेरिकेच्या घरांत आणि धक्क्यांवर आजही हीच रचना आहे. संख्या वाढत जाऊन १२० आणि २४० झाल्या आहेत.

१४/
युरोपने दुसरा मार्ग घेतला. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये गिऱ्हाइकांनाच २२० वर नेले. तोवर दिव्यांच्या तारा सुधारल्या होत्या, आणि गिऱ्हाइकेही मोजकीच होती. उशिरा सुरुवात करणाऱ्याला कधीकधी असा फायदा मिळतो. आपण त्याच कुळातले.

१५/
म्हणजे भारतीय बोटीवरच्या दोन तारांपैकी एक ‘जिवंत’ आणि दुसरी तटस्थ. तटस्थ तार जमिनीच्याच पातळीवर, जवळजवळ निरुपद्रवी. बोटीवरची बटणे आणि फ्यूज म्हणून फक्त जिवंत तार तोडतात. हीच बोट अमेरिकी २४० व्होल्टला जोडली की दोन्ही तारा जिवंत होतात, प्रत्येक जमिनीपासून १२० व्होल्टवर. बटण बंद केले, दिवा विझला, पंखा थांबला. तरीही दुसऱ्या तारेत वीज आहेच. दुरुस्तीला हात घालणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. यासाठी अशा बोटीवर दोन्ही तारा एकदम तोडणारी बटणे बसवावी लागतात.

१६/
यापेक्षाही वाईट सापळा रंगांचा आहे. भारतात अनेक वर्षांची रीत अशी की तांबडी, पिवळी, निळी या जिवंत तारा आणि काळी तटस्थ, हिरवी जमिनीची. ही जुन्या ब्रिटिश रीतीतून आलेली. अमेरिकेत काळी तार जिवंत आणि पांढरी तटस्थ. पुण्यातला अनुभवी वायरमन अमेरिकी तारेचे टोक सोलून बसला तर त्याचा तीस वर्षांचा अनुभवच त्याला काळ्या तारेकडे निर्धास्तपणे नेईल. जमिनीची तार मात्र दोन्हीकडे हिरवी, तेवढेच नशीब. धक्क्यावर तार कापून नवा खटका बसवण्याआधी मापक लावून पाहणे हा एकच उपाय आहे. रंगावर विसंबणे हा उपाय नव्हे.

१७/
मग वारंवारता. दिवा, चूल, इस्त्री यांना पन्नास-साठ सारखेच. आजचे बॅटरी भरणारे बहुतेक चार्जर दोन्ही चालवून घेतात, हे त्यांच्या अंगावरच लिहिलेले असते. अडते ती साधी मोटार. पन्नासवर मिनिटाला १५०० फेऱ्यांचा ताल असलेली मोटार साठवर १८०० चा ताल धरते, म्हणजे वीस टक्के जलद. पाण्याच्या पंपाला हे सोसत नाही, कारण अशा पंपाचा भार वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढतो: १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट. बोटीवरच्या फ्रीजचा किंवा वातानुकूलन यंत्राचा कंप्रेसर सुरू होताना धडपडतो, पुढे तापतो.

१८/
उलट दिशेने येणाऱ्यांचे हाल वेगळे. अमेरिकी बोट मुंबईला आली तर तिच्या मोटारी मंद चालतात, आणि साठसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर गरम होतो, कारण प्रत्येक आवर्तनाला जास्त वेळ मिळाल्याने त्याच्या लोखंडात चुंबकत्व क्षमतेबाहेर साठते. पन्नासचा ट्रान्सफॉर्मर मात्र साठवर सुखाने चालतो. या एका बाबतीत गोव्याची बोट भाग्यवान.

१९/
गोड्या पाण्यातली मरिना हा आणखी एक धोका, आणि मुळशीच्या तलावाकाठी राहणाऱ्यांना तो लवकर समजेल. खाऱ्या पाण्यात बोटीतून गळलेली वीज पाण्यातच पसरून जाते, कारण खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वाहक आहे. गोड्या पाण्यात उलटे: शरीर पाण्यापेक्षा चांगले वाहक ठरते आणि वीज पोहणाऱ्यातून वाट काढते. स्नायू आखडतात, माणूस बुडतो, वरून पाहणाऱ्याला कारण कळत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर धक्क्यांवरच्या विजेचे नियम कडक झाले. तीस मिलिअँपिअर इतकी गळती दिसताच खांबच वीज तोडतो. ज्या परदेशी बोटीत तटस्थ आणि जमिनीची तार आतल्या आत जोडलेली असते, तिला अशा धक्क्यावर वीज टिकतच नाही. नाविक त्रासतो. पण खांब बरोबर असतो.

२०/
वीज झाली, आता रंगांचा दुसरा अध्याय. मुंबई बंदरात समुद्राकडून आत येताना तांबडे बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे. अमेरिकेत नेमके उलटे: परतताना तांबडे उजवीकडे. जगाचे हे दोन विभाग आहेत. ‘अ’ विभागात युरोप, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया. ‘ब’ विभागात उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स. चूक झाली तर बोट खोल पाणी सोडून सरळ खडकावर जाते.

२१/
आणि इथे अमेरिका हटवादी नव्हती, हे सांगणे न्यायाचे होईल. तांबडा उजवीकडे हा नियम तिथे १८५० पासून कायद्याने आहे. १८८९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय सागरी परिषद भरली आणि तिने हाच नियम जगासाठी सुचवला: उजवीकडे तांबडा, डावीकडे काळा. पुढे १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने जिनीव्हात करार तयार झाला, त्यात तांबडा डावीकडे गेला. महायुद्ध आले, करार अमलात आलाच नाही. पण युद्धानंतर युरोपातल्या अनेक देशांनी आपली उद्ध्वस्त बंदरे उभारताना त्याचाच आधार घेतला. अमेरिकेची बंदरे उद्ध्वस्त झालेली नव्हती. तिचे बोये जागच्या जागी होते.

२२/
१९७० च्या सुमारास जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती चालू होत्या. ११ जानेवारी १९७१ रोजी इंग्लिश खाडीत डोव्हरजवळ ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज ‘पाराकास’ या जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडेनबुर्ग’ त्या बुडालेल्या सांगाड्यावर आदळून बुडाले. इशाऱ्यासाठी दिव्यांची जहाजे आणि बोये मांडले गेले, तरी फेब्रुवारीअखेर ‘निकी’ हे ग्रीक जहाज तिथेच येऊन आदळले आणि सर्वांसह गेले. तिन्ही मिळून पन्नासच्या आसपास माणसे मेली. खुणा होत्या, पण त्या एकाच अर्थाने वाचता येतील याची हमी नव्हती.

२३/
त्यानंतर दीपस्तंभ-संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘इआला’ने, नेट लावला. नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोला परिषद झाली आणि १९८२ मध्ये एकच पद्धत मान्य झाली. एकच, पण दोन विभागांची! बाकी साऱ्या खुणा एकरूप झाल्या. डाव्या-उजव्याचे रंग तेवढे तडजोडीत तसेच राहिले. मात्र आकार दोन्हीकडे सारखे ठेवले गेले: डावीकडचा बोया डब्यासारखा, उजवीकडचा शंकूसारखा. परक्या बंदरात दिवसाउजेडी शिरणाऱ्याने रंगाआधी आकार पाहावा. रात्री हा आधार नाही, तेव्हा दिव्याचाच रंग वाचावा लागतो. अमेरिकेत आकड्यांचीही मदत होते: तांबड्यावर सम, हिरव्यावर विषम, आणि आकडे समुद्राकडून आत वाढत जातात.

२४/
मापांबद्दल भराभर सांगतो. अमेरिकी धक्क्यावर इंधन गॅलनने मिळते, पण तो आपल्या आजोबांच्या काळचा गॅलन नव्हे. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ते १७०७ चे राणी ॲनच्या काळातले इंग्रजी मद्यमाप आहे. ब्रिटनने १८२४ मध्ये नवा ‘इंपीरियल’ गॅलन आणला, ४.५४६ लिटरचा, आणि साम्राज्याबरोबर तो इथे आला. तोवर अमेरिका साम्राज्यातून बाहेर पडलेली होती, म्हणून इंग्लंडने टाकलेले माप तिने जपले. जुन्या इंग्रजी पुस्तकातला बोटीच्या टाकीचा आकडा आणि अमेरिकी पंपाचा आकडा यांत म्हणूनच वीस टक्क्यांचा फरक पडतो. आपण १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धतीकडे वळून या भांडणातून सुटलो.

२५/
खोलीचे आकडे हा गॅलनपेक्षा गंभीर विषय. अनेक अमेरिकी सागरी नकाशांवर खोली फुटांत असते. मीटर समजून वाचली तर तीन पट पाणी आहे असे वाटते. शिवाय शून्य कुठे धरायचे हाही प्रश्न आहे. भारतीय समुद्रासाठी जॉर्ज डार्विन यांनी, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या मुलाने, भरती-ओहोटीच्या गणितातून बरीच खालची पातळी सुचवली होती. पाणी सहसा तिच्याखाली जात नाही. अमेरिकेत रोजच्या दोन ओहोट्यांपैकी जी जास्त खालची, तिची सरासरी धरतात. सरासरी म्हटली की पाणी अधूनमधून तिच्याखाली जाणारच. नकाशावर सहा फूट आहे म्हणून सहा फूट मिळतीलच असे नाही.

२६/
स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर तिकडे भरून मिळत नाहीत, तोंडाचे आटे जुळत नाहीत. परदेशी नाविक सहसा स्थानिक टाकी आणि तिचा नियामकच विकत घेतात. शौचालयाचे न प्रक्रिया केलेले पाणी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही, ते टाकीत साठवून धक्क्यावरच्या पंपाने काढून घ्यावे लागते. ज्या जुन्या बोटींत अशी टाकीच नाही, त्यांना ती बसवून घ्यावी लागते.

२७/
मागच्या धाग्यांवर विचारतात तसे कोणी विचारेल: एवढा खर्च करून जग एका तालावर का येत नाही? जपान पाहा. १८९५ मध्ये टोकियोने जर्मन एईजीची पन्नासची यंत्रे घेतली, १८९६ मध्ये ओसाकाने अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकची साठची. आजही फुजी नदीच्या आसपास देशाचे दोन भाग होतात. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने पूर्वेकडची वीजगृहे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज होती. पण ताल बदलून देणारी केंद्रे अपुरी असल्याने ती पुरेशी पलीकडे नेता आली नाही. एवढे होऊनही जपान एका तालावर आलेला नाही, बदलणारी केंद्रे तेवढी वाढवली गेली. भारत आणि अमेरिका यांच्यामध्ये तर तारही नाही, समुद्र आहे.

२८/
म्हणून हा खर्च बोटीवर येतो. शहाणा नाविक धक्क्याची तार आणि बोटीची वीज यांच्यामध्ये स्वतःचा ट्रान्सफॉर्मर ठेवतो: तो दाब जुळवतो, तटस्थ तार पुन्हा तटस्थ करतो आणि गळतीचा धोका तोडतो. ताल मात्र त्याला बदलता येत नाही. त्यासाठी साठचे पन्नास करणारे यंत्र लागते, ते महाग आणि जड, छप्पन्न फुटांच्या बोटीवर जागा अडवणारे. बरेच जण ते टाळतात. धक्क्याच्या विजेने फक्त बॅटऱ्या भरतात आणि पंप, फ्रीज, दिवे हे सारे बॅटरीवरून, इन्व्हर्टरने पुन्हा पन्नास हर्ट्झ तयार करून चालवतात. म्हणजे अमेरिकी बंदरात, साठच्या खांबाला बांधलेल्या त्या बोटीच्या पोटात खोपोली-भिऱ्याचाच ताल चालू असतो.